पटतं, पटत नाही, सांगता येत नाही

दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारत फिरा, महिन्याभरात किश्श्यांनी पिशवी भरते. माझी तर अजून रिकामी होत नाहीये!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या आमच्या विज्ञान मंडळाने सर्व्हे काढला: 'माणूस उत्क्रांतीतून घडला, हे तुम्हाला पटतं का?' पटतं, पटत नाही, सांगता येत नाही. तीन चौकोन, एकात खूण. प्रमुख होते जोगळेकर सर. तीस वर्षं शाळेत हाच धडा शिकवून आता रिटायर होणार होते. मला म्हणाले, "सुनंदा, माझा एक तरी जुना विद्यार्थी 'पटतं' म्हणू दे गं. नाहीतर तीस वर्षं नुसता खडू झिजवला मी!" हसत म्हणाले, पण मला कसंतरीच झालं.

*

पहिल्याच दारात मी विचारलं, "काकू, उत्क्रांती मानता का?"

"मानते म्हणजे काय! दरवर्षी सुगडं पुजते. तिळाचा लाडू देऊ?"

लाडू झकास होता. खूण कुठे करायची, ते मात्र कळेना.

*

इस्रायल आळीतल्या मोझेसकाकांनी फॉर्म दोनदा वाचला. "आमच्या ग्रंथात सहा दिवसांत जग झालं. माझ्या सुताराला एका कपाटाला सहा महिने लागले. म्हणजे ते देवाचंच काम!"

*

तळोज्याला रात्रपाळी करून झोपलेला एकजण डोळे चोळत बाहेर आला.

"माणूस माकडापासून झाला, पटतं?"

"झाला असेल. आमचा सुपरवायझर अजून व्हायचाय!"

*

एक आजी भलत्याच खवळल्या. "माकडं तुमचे पूर्वज असतील! आमचे नाहीत!" तावातावाने उठल्या आणि तशाच मटकन खाली बसल्या. "अगं आई गं! माकडहाड गेलं माझं!"

मी तोंडाला पदर लावून जिन्यात पळाले.

*

जुन्या विद्यार्थ्यांकडे सर स्वतः माझ्याबरोबर यायचे. त्यातला एक, विज्ञानात शाळेत पहिला आलेला. अदबीने म्हणाला, "सर, परीक्षेतलं सांगू की मनातलं?"

"मनातलं."

"मग देवानेच घडवलं."

सरांनी खूण केली. जुने विद्यार्थी बरेच भेटून झाले होते, 'पटतं' एकही नव्हतं.

*

शेवटचं घर ओवे गावात, सरांची जुनी विद्यार्थिनी कमल हिचं. ओटीवर तिची सासू नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी प्रश्न विचारला. कमलने सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय पटत. देवानंच घडवला." सरांनी पेनाने खूण केली, चहा घेतला, आम्ही निघालो.

कोपऱ्यावर कमल धावत आली. धापा टाकत म्हणाली, "सर, माजी खूण बदला. माज्या पोरासाठी सासूनं नवस केलेला, अनवाणी चालली ती. तिच्या तोंडावर कसा बोलू? मला तुमचा धडा तवाच पटलेला हाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "कमल, नोंदलेल्या उत्तरात खाडाखोड करायची नसते. माझाच नियम आहे."

"मग ऱ्हाऊ दे?"

"राहू दे, बाळ."

मंडळाच्या सभेत सरांनी आकडे वाचले. "माझे जुने विद्यार्थी. 'पटतं': शून्य!" आवाज असा खणखणीत, की अध्यक्षांनी विचारलं, "सर, आकडा चुकला का?"

"छे हो! अगदी बरोबर आहे!"