नवा टाइम आणि तांब्याची वाटी

लढाईच्या दिवसांत सरकारने देशातली सगळी घड्याळे एक तास पुढे केली होती. आता सांगितले तर घरातली मुले हसतात. पण तसे झाले होते, आणि लढाई संपल्यावर ती पुन्हा मागे केली. त्या वेळेला नवा टाइम म्हणत. राजगडाच्या पायथ्याला, आमच्या पालीत, त्याचा पत्ता नव्हता, कारण आमच्या आळीत घड्याळच नव्हते.

मला तो माहीत होता. माझा थोरला भाऊ पुण्यात दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. त्याने पत्रात लिहिले होते की आता भोंगा तासभर आधी होतो, आणि त्यांच्या बाराला आपले अकराच झालेले असतात.

त्याच वैशाखात माझ्या नणंदेचे लग्न ठरले. तिची एक सोयरीक आधी मोडली होती. सुपारी फुटली आणि आठ दिवसांत त्या मुलाचा आजा वारला. म्हातारा वर्षभर अंथरुणावर होता, तरी बोल हिच्यावर आला. म्हणून या वेळी काही चुकू नये, एवढेच सगळ्यांच्या मनात होते.

नवरदेव भोरचा. त्याचे चुलते संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मुहूर्त तिकडच्या भटजींनी काढला आणि चुलत्यांनी कळवला. घरात वाचता येणारी मी एकटी, चौथी झालेली. मामंजी ओसरीवर बसले आणि मी दाराआडून पत्र वाचले. त्यात लिहिले होते, ‘नवा टाइम बारा वाजता.’

“बारा ना? मग झालं,” मामंजी म्हणाले. “दुपार म्हंजे पंधरा वाट्या.”

वाट्या म्हणजे घटका. लग्नाच्या दिवशी सूर्य उगवला की पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडत. तिच्या बुडाला बारीक भोक असे. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. अडीच वाट्यांचा एक तास.

मामंजींशी मी कधी बोलले नव्हते. स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच सांगितले, “आत्याबाई, त्यांचं बारा म्हंजे आपलं अकरा. सरकारनं घड्याळं पुढं केल्यात.”

“आन् सूर्य?” त्या भाकरी थापत म्हणाल्या. “त्यो बी सरकारला इचारून उगवतो व्हय? जा, पाणी आण.”

पुन्हा बोलायला माझी जीभ उचलली नाही. आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आले आणि मारुतीच्या देवळात उतरले. मामंजी भेटून आले. त्यांनी बारा म्हटले, यांनी बारा म्हटले. कोणालाच शंका नव्हती.

वाटी सांभाळायचे काम माझ्याकडे आले. बडबड करणारी बाई वाट्या विसरते, ही गप्प असते, म्हणून. सूर्य उगवताना वाटी सोडली. प्रत्येक वाटी बुडाली की ती काढायची, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि भिंतीवर कुंकवाचे एक बोट ओढायचे. तीन बोटे खरी ओढली. चौथे ओढले तेव्हा वाटी अर्धीसुद्धा भरली नव्हती.

नणंद अंगाला हळद लावून समोरच बसली होती. तिने घंगाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“वैनी, बुडाली?”

“बुडाली, वन्सं.”

 ती आपला पाट सरकवून माझ्या आणि दाराच्या मधे बसली.

आणखी काही वाट्या गेल्यावर दुसरे खोटे बोट ओढले. तासाच्या अडीच वाट्यांतल्या राहिलेल्या अर्ध्या वाटीसाठी, एक वाटी निम्मी भरल्यावर बोटाने दाबून बुडवली. ही वाटी तरी पाण्यात खरेच बुडाली, असे तेव्हा मनाला समजावले. पण बुडवली मीच होती.

“चौदा झाल्या,” मी आतून सांगितले. मामंजी मांडवातून ओरडले, “एवढ्यात कशा चौदा? पोटात भूक न्हाई अजून.”

“लेकीच्या लग्नात बापाला भूक लागतीया व्हय?” सासूबाई म्हणाल्या. “उठा, पोरीला न्हाऊ घाला म्हनावं.”

मामंजींना मांडवाबाहेर जाऊन सावली बघायची होती. पण बायकांनी तोवर गडबड उडवून दिली आणि ते राहून गेले. नणंदेला नेसवून बाहेर आणले आणि देवळाकडून वाजंत्री ऐकू आली.

अंतरपाट धरला. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. चुलत्यांनी कोटाच्या खिशातून घड्याळ काढून पाहिले.

“बरोबर बारा,” ते म्हणाले. “तुमच्याकडं घड्याळ कुणाचं?”

“घड्याळ कशाला?” मामंजी म्हणाले. “आमची वाटी हाय.”

मी मान खाली घालून जेवणाच्या पंगतीकडे गेले. संध्याकाळी भिंत सारवली, तेव्हा बोटे गेली.

पाठवणीच्या वेळी नणंद माझ्या गळ्यात पडली. ती रडत होती. कानाशी एवढेच म्हणाली, “साडेबाराच व्हत्या न्हवं?” तिने सगळ्या वाट्या मोजल्या होत्या.

पुढे लढाई संपली. भावाचे पत्र आले की घड्याळे पुन्हा मागे केली. मी ते दाराआडून वाचून दाखवले. 

“म्हंजे मदी येक तास चुकीचा व्हता त्यांचा,” मामंजी म्हणाले. “आपली वाटी तवाबी बरोबर व्हती.”

सासूबाई आतून माझ्याकडे बघत होत्या. मी पत्राची पुढची ओळ वाचली.