वारलू नागापुरेचा तिसरा सामना

नववी विकेट पडली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. मैदानावरचं घड्याळ वारलूला दिसत नव्हतं. शेजारच्या खेळाडूनं वेळ सांगितली म्हणून कळली.

वारलू आरमोरीकडचा गडी. तळ्याच्या मासळीवर वाढलेला, वरोऱ्याच्या जिनात कापसाचे बोजे उचलायला आलेला. जिनाच्या टीमकडून तो चेंडू असा काही आत आणायचा की १९५७च्या हिवाळ्यात त्याला थेट रणजीला बोलावणं आलं. दोन सामन्यांत त्यानं नऊ गडी बाद केले. पण गेली तीन वर्षं दिवस कलला की त्याच्या डोळ्यांपुढं राखेचा पडदा यायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, कुंताला ठाऊक होतं.

"कप्तानाले सांगून टाका," ती म्हणायची.

"सांगतलं तर घरी धाडतीन," एवढंच तो म्हणायचा.

आज नागपुरात पाच वाजेपर्यंत टिकून सामना हरण्यापासून वाचवायचा होता. आभाळ सकाळपासून गच्च. दुसऱ्या टोकाला वर्ध्याच्या शाळेतला मनसाराम मास्तर पन्नास धावा ओलांडून उभा होता. त्याच्या पांढऱ्या कपड्यांच्या रोखानं वारलू चालत गेला.

ओव्हरचा एकच चेंडू उरला होता. तो त्याला दिसलाच नाही. बोटांवर आदळला तेव्हा कळलं, टाकून झालाय.

मनसाराम धावत आला. "काऊन रे, बॅट हालवतच नाईस?"

"मास्तर, मले दिसत नाई. उजेड उतरला का मी आंधळा."

मनसाराम तडक पंचांकडे गेला, उजेड कमी आहे म्हणाला. पंचांनी वर पाहिलं, नकारार्थी मान हलवली.

"आयक," परत येऊन तो हळूच म्हणाला, "होतीन तितके चेंडू मी घेतो. तुह्यावर आलाच, तर डावा पाय पुढं टाक, बॅट पायाले चिकटव अन् हालू नको. चेंडू शोधाले जाऊ नको."

दोन ओव्हर मनसारामनं एकट्यानं काढल्या. पण दुसरीच्या शेवटच्या चेंडूवर त्याला धाव मिळाली नाही. शेवटची ओव्हर वारलूवर आली.

धावत येणारी पावलं ऐकू यायची, मग एक हुंकार, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांब वाटायचं. पहिला चेंडू मागं यष्टिरक्षकाच्या हातात वाजला. दुसरा पॅडवर बसला आणि अकरा गळे एकदम ओरडले. पंचांचं बोट वर गेलं की नाही, वारलूला कळेना. तो तसाच उभा.

"उभा राय!" मनसारामची आरोळी आली.

तिसरा बॅटवर आपोआप लागला. चौथ्यानं बरगडी शेकली. पाचव्याला सगळे हळहळले; स्टंपला चाटून गेला असावा. सहावा बॅटची कड घेऊन उडाला आणि झेलणाऱ्याच्या हाताअलीकडं पडला.

सामना वाचला. तंबूत मनसारामनं त्याला मिठी मारली. "अरे, याले एकबी चेंडू दिसत नव्हता! एकबी नाई!" तो कौतुकानं सगळ्यांना ओरडून सांगत सुटला.

टाळ्या पडल्या. कप्तान मात्र चहाचा कप खाली ठेवून जवळ आला. "कधीपासून?"

"तीन वर्सं झाले," वारलू म्हणाला.

पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

पंधरा दिवसांनी मनसाराम वरोऱ्याला आला. "माह्या तोंडानं तुह्यं नुकसान झालं."

"झालं," वारलू म्हणाला. "राग आला होता मले. अजून हाये थोडा."

तरी मनसाराम त्याला ओढून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं खाणंपिणं विचारलं. भाकर न् चटणी, वारलूनं सांगितलं. डॉक्टरनं माशाच्या तेलाची बाटली दिली. महिन्याभरात पडदा गेला. मनसारामनं कप्तानाला पत्र लिहिलं. जागा भरली, असं उत्तर आलं. वारलू तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

पुढं सात वर्षं तो जिनाकडून खेळला. सूर्य टेकायला आला की चेंडू मागून घ्यायचा.