पाटीवर नसलेली आयडेला

९ मे १९९८, शनिवार. लिओथा क्रेनशॉने एक हजार तीनशे पासष्ट डॉलरचा चेक पाकिटात घातला, वरचा पाट्या ओतणाऱ्या कारखान्याचा पत्ता दोनदा वाचला आणि पाकीट पोस्टात टाकलं. पैसे चर्चचे होते. दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बायकांनी कॅटफिश मासे तळून ताटं विकली, तेव्हा कुठे बेथेल ग्रोव्ह गावच्या जुन्या शाळेसाठी हमरस्त्यालगत तिचा इतिहास सांगणारी पाटी उभी करण्याइतकी रक्कम जमली. शाळेचं आता विटांचं धुराडंच तेवढं उरलं होतं.

लिओथा शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉलर शिवून निवृत्त झालेली. बावीस वर्षं चर्चची चिटणीस. पाटीवरचा मजकूर लिहायचं काम तिच्याकडे येणार हे कुणी ठरवावंही लागलं नाही. तिने लिहिलं: जमीन देणारे एमॉस टार्व्हर, छप्पर घालणारे सुतार, दोन शिक्षिका, शाळा उघडल्याचं आणि बंद झाल्याचं वर्ष. तिची आई आयडेला हिचं नाव तिने लिहिलं नाही.

आयडेलाने त्या शाळेत एकोणीस हिवाळे रांधलं. पगार नव्हता. कोपऱ्यातल्या लाकडाच्या चुलीवर चवळी आणि मक्याचा पाव, कधी डुकराच्या हाडाचा रस्सा. दुपारची घंटा झाली की साठ मुलं डबे घेऊन रांगेत उभी. ते नाव पाटीवर यावं असं लिओथाला मनापासून वाटत होतं. पण बेथेल ग्रोव्हमध्ये आपल्या घरचं मेलेलं माणूस आपण पुकारायचं नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, सगळे गावी परततात तेव्हा, चर्चमध्ये वारलेल्यांची नावं पुकारतात. ती दुसऱ्याने पुकारायची. नाव आलं की घरच्यांनी फक्त उठून उभं राहायचं.

म्हणून चेक पाठवायच्या आधी तीन आठवडे तिने मजकुराचा कागद चर्चच्या भिंतीवर लावून ठेवला होता. शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली होती. कुणाला काही घालायचं असेल तर घालावं. प्रत्येक रविवारी सगळे गेल्यावर ती जवळ जाऊन बघायची. पहिल्या रविवारी काही नव्हतं. दुसऱ्या रविवारी कुणीतरी शाळा बंद झाल्याचं साल दुरुस्त केलं होतं. तिसऱ्या रविवारी पेन्सिलचं टोक मोडलेलं होतं, बाकी कागद तसाच. तिने तो काढला, स्वच्छ अक्षरात उतरवला आणि चेकसोबत पाठवून दिला.

नऊ ऑगस्टला चर्च सुटल्यावर सगळे रस्त्यालगत जमले. म्हाताऱ्यांसाठी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाटीवर कुणाची तरी गोधडी घातली होती. ती ओढली, टाळ्या झाल्या. पास्टरांनी मजकूर मोठ्याने वाचला. ते थांबले तरी चर्चचा कारभार बघणारा डीकन हॉसी टार्व्हर हॅट छातीशी धरून तसाच उभा. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, एमॉसचा धाकटा मुलगा.

“पास्टर, एक ओळ सुटली,” तो म्हणाला.

पास्टरांनी पुन्हा बघितलं. सगळं वाचलं होतं.

“मग मिस आयडेला कुठंय?”

सगळे लिओथाकडे वळले.

“सिस्टर लिओथा, आईचं नाव गाळलंस?”

“मी कसं घालणार, ब्रदर हॉसी? माझीच आई ना ती.”

“अगं, तीन आठवडे कागद भिंतीवर होता.”

“पेन्सिलही होती,” लिओथा म्हणाली.

मासे तळणाऱ्यांतली व्हॉन्सील पंख्याने वारा घेत होती, ती थांबली. हळूच म्हणाली, की तिने कागद वाचलाच नव्हता. लिओथाचं अक्षर बघितलं आणि पुढे गेली. लिओथाने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. मग एकेकाने तेच कबूल केलं. हॉसीला तर वाटलं होतं, पहिलं नाव तिचंच असेल.

“साठ जण तिच्या चवळीवर वाढलो,” तो म्हणाला, “आणि साठांत मिळून एक डोळा नाही. साल तेवढं दिसलं आपल्याला.”

व्हॉन्सीलला हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले. हॉसीने हॅट डोक्यावर घातली, परत काढली, आणि पाटीकडे तोंड करून चर्चमध्ये पुकारतात तसं पुकारलं: “आयडेला क्रेनशॉ.”

आता लिओथाने उभं राहायचं. पण ती उभीच होती. मग ती मागच्या खुर्चीत बसली, स्कर्ट सारखा केला, आणि उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही. मागून दुसऱ्या कुणीतरी तेच नाव पुकारलं. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. गुडघे दुखेपर्यंत तिने ते केलं, आणि त्या दिवशी तिची तक्रार नव्हती.

नवी पाटी ओतून घेणं परवडणारं नव्हतं. मंगळवारी हॉसी शहरात खेळाचे चषक विकणाऱ्या दुकानात गेला आणि हाताच्या पंजाएवढी पितळी पट्टी कोरून घेतली: आयडेला क्रेनशॉ यांनी इथे सर्वांना जेवू घातले. शनिवारी त्याने ती पाटीच्या खांबाला स्वतः स्क्रूने बसवली. जराशी तिरकी बसली. लिओथा पर्स उघडू लागली तेव्हा त्याने तिचा हात बाजूला केला. घरच्यांनी द्यायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं.

पट्टीचे बेचाळीस डॉलर झाले. हॉसीकडे पस्तीस होते. दुकानदाराचे सात डॉलर अजून द्यायचे आहेत.