बकुळाबाईने सैल केलेलं झाकण

नारपोलीतल्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, बकुळाबाईने बावीस वर्षं सांडपाण्याचा हौद सांभाळला. शेठ बदलला, सुपरवायझर तर किती बदलले, बाई तीच राहिली. कुणी शिकवायला आलं की तिचं डोकं फिरायचं.

कारखान्यामागे एक जुना खड्डा होता. त्यात लाल पाणी सोडलं की चार दिवसांत त्याचा रंग उडायचा. हे सगळ्यांत आधी पाहिलं बकुळाबाईने. मॅनेजर म्हणाला, जमिनीत मुरत असेल. पाणी होतं तेवढंच, मग नुसता रंग कसा मुरेल? तिने ते गल्लीतल्या संघरत्नाला सांगितलं. ती पोरगी मुंबईला प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती.

"मावशी, तळाच्या गाळात बिनहवेचा जीवाणू असणार," संघरत्ना म्हणाली. "आपण श्वासाला हवा वापरतो, तसा तो रंग वापरत असेल. जिवंत वाढवता आला ना, तर इथल्या हौदाहौदांत सोडता येईल."

पण खड्डा बुजवून गोदाम बांधायचं ठरलं. शनिवारी डंपर येणार आणि संघरत्ना हॉस्टेलवर तापाने आडवी. तिने फोन केला. "बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. सोमवारी न्यायला येते."

"बाटली भरायला मला शिकवतेस काय गो?"

शुक्रवारी काठीला डबा बांधून बकुळाबाईने तळाचा काळा गाळ काढला, बाटली भरली, झाकण आवळलं. घरी येऊन बघते तर आत बुडबुडे. गाळाचा कॅन गच्च बंद करायचा नाही, हे हौदावरचं पहिलं शिक्षण. असाच एक कॅन आतल्या वायूने हौदावरच्याच रंगूबाईच्या तोंडासमोर फुटला होता, तिचा एक डोळा गेला. बकुळाबाईने वरचं चार बोटं पाणी ओतून दिलं, झाकण सैल केलं. सोमवारी बाटली कमी दिसू नये म्हणून नळाचं पाणी घातलं आणि झाकण परत आवळलं.

सहा महिन्यांनी संघरत्ना लॅपटॉप घेऊन घरी आली.

"त्या जीवाणूचा जीनोम पूर्ण वाचला, मावशी. नवीनच जात आहे. रंग तोडणारी जनुकं सापडली. हवेपासून वाचवणारं एकही नाही."

"म्हंजे?"

"हवा लागली की संपला. मेलेल्याचाही डीएनए वाचता येतो, म्हणून एवढं तरी कळलं. जिवंत एकही मिळाला नाही. माझ्याकडूनच कुठेतरी हवा गेली असणार. माझे गाइड सर म्हणतात, हात कच्चा आहे तुझा."

बकुळाबाई उठली. "चहा ठेवते," ती म्हणाली.

पुढे सरांनी जिवंत जीवाणूंचं काम दुसऱ्या मुलाला दिलं. संघरत्नाच्या वाट्याला नुसता कॉम्प्युटर आला. भीमजयंतीला विहाराबाहेर बकुळाबाईने तिला गाठलं.

"झाकन मी सैल केलं व्हतं. नळाचं पानीबी मीच घातलं."

संघरत्नाने तिला गर्दीतून बाजूला घेतलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"हवेनं मरतो, ते तू सांगितलं व्हतंस का?" राग आधी बोलला, नेहमीसारखा.

"नाही सांगितलं," संघरत्ना हळूच म्हणाली. शिकलेली माणसं काय करायचं ते सांगतात, का करायचं ते पोटातच ठेवतात. "ते चुकलंच माझं. पण इतके महिने मी स्वतःला शिव्या घातल्या, मावशी. तुम्ही समोर बसून ऐकलंत."

बकुळाबाईने विचारलं, "दुसऱ्या खड्ड्यात गावंल का?"

"सात ठिकाणचे गाळ तपासले. नाही मिळाला."

आठवड्याने बकुळाबाई शिफ्ट बुडवून एकटीच सरांच्या ऑफिसात जाऊन आली. परतल्यावर थेट संघरत्नाच्या दारात.

"सांगितलं त्यांना. हात तुझा कच्चा न्हवता म्हनून."

"काय म्हणाले?"

"आधी सांगायला हवं व्हतं, म्हनले. काम आता त्या पोराकडंच ऱ्हानार." ती उंबऱ्यावर टेकली. "आधी सांगायचं व्हतं, ते मला काय ठाव न्हवतं?"