बाईंना बोलतं करण्याचं वर्ष

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी नांदेड जिल्ह्यात शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवत फिरलो. मूळचा मी मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा मास्तर. इंग्रजी बरं म्हणून मला प्रशिक्षणाच्या कामावर घेतलं आणि मग हदगावपासून देगलूरपर्यंत जिथं शिबिर असेल तिथं मी एसटीनं जायचो. सतरंजीवर बसलेले शिक्षक, गरगरणारा पंखा, मधल्या सुट्टीत चहा. संध्याकाळी कुणीतरी विचारायचं, "सर, सही करून निघू का? शेवटची गाडी आहे." मी हो म्हणायचो. ते शिक्षक पुन्हा भेटायचे ते पुढच्या शिबिरात, आणि तोवर वरून दुसराच विषय आलेला असायचा. त्यांच्या वर्गात माझ्या बोलण्याचं पुढं काय झालं, हे मला कधीच कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी आणि बायको लातूरला मुलाकडे राहायला आलो. तिथं ओळखीतून एका खासगी इंग्रजी शाळेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. त्यांच्या शाळेत सगळ्या तरुण बाया शिकवायच्या. मराठी माध्यमातून शिकलेल्या, डीएड-बीएड झालेल्या, सरकारी जागा निघत नाहीत म्हणून इथं आलेल्या. अध्यक्ष म्हणाले, "सर, आमच्या मॅडम लोकांना इंग्रजी बोलतं करा. एक वर्ष तुमच्या हवाली."

एक वर्ष, तेच शिक्षक, तेच वर्ग. घरी येताना मी पेढे घेऊन आलो होतो. बायको म्हणाली, "नोकरी लागल्यावरबी तुम्ही एवढे खूष नव्हते."

शनिवारी शाळा लवकर सुटायची. मग दुपारी आम्ही खालच्या मजल्यावरच्या वर्गात बसायचो. बाया लहान बाकांवर अवघडून बसायच्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला सांगितलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटच्या बाकावर किल्लारीकडच्या एका गावची बाई बसायची. वयानं माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान, नवीन लग्न झालेली, दुसरीचा वर्ग तिच्याकडे. ती उभी राहिली, ओठ हलवले आणि खाली बसली. नंतर जिन्याजवळ मला गाठून म्हणाली, "सर, मला येतंय सगळं. व्याकरण येतंय, वाचलेलं कळतंय. निस्तं तोंडातून निघत न्हाई."

"वर्गात काय करता मग?"

"पाठ केलेली वाक्यं हायत. सिट डाऊन, कीप क्वाएट, ओपन युवर बुक. तेवढ्यावर दिवस निघतो."

शाळेचा नियम असा होता की फाटकातून आत आलं की मराठी बंद. पोरांनाही आणि बायांनाही. भिंतीवर तशी पाटीच होती. म्हणजे जी पोरं घरून एकही इंग्रजी शब्द घेऊन येत नव्हती, त्यांना ज्या बाईला इंग्रजी बोलता येत नव्हतं ती इंग्रजीतून परिसर अभ्यास शिकवत होती. मी ठरवलं की आधी या बायांना पोराच्या जागी बसवायचं.

पुढच्या शनिवारी मी वर्गात शिरलो तो तेलुगू बोलतच. तेलंगणाच्या सीमेकडच्या गावात बालपण गेल्यामुळे मला कामापुरती तेलुगू येते. "कूर्चो," मी म्हणालो, म्हणजे बस. कुणी बसेना. मी आवाज चढवला. मग एकीचं बघून बाकीच्या बसल्या. फळ्यावर चित्र काढून विचारलं, "इदि एमिटि?" हे काय आहे? सुरुवातीला हसत होत्या. मी हसलो नाही. एकेकीला उभं करत गेलो, "चेप्पु, चेप्पु," सांग, सांग. हळूहळू हसणं थांबलं. एकजण खिडकीबाहेर बघायला लागली. एकीनं शेजारणीला ढोसलं, तर शेजारीण उगाच तिच्यावर चिडली. किल्लारीकडची बाई खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत बसली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो तसे तिचे डोळे भरून आले.

मी लगेच मराठीवर आलो, पाणी मागवलं. ती म्हणाली, "राग न्हाई आला सर. माझ्या वर्गात एक पोरगी रोज अशीच बसते. मी तिला मंदच समजून चालले होते."

त्या पोरीबद्दल मग पुढचे कितीतरी दिवस आमच्यात बोलणं होत राहिलं. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. डबा खायची, चित्रं रंगवायची, पण बोलायची नाही. पहिलीच्या बाईनं तिच्या प्रगतिपुस्तकात 'मंद' असंच लिहून ठेवलेलं. बापाचं बाजारात भुसार दुकान होतं. मी म्हणालो, "घरी कुठली भाषा बोलतात ते बघा."

बाईचं आजोळ निलंग्याच्या पलीकडचं, कर्नाटकच्या हद्दीवरचं. तिला तिकडची कानडी मोडकीतोडकी येत होती. पोरीचं आडनाव आणि गाव ऐकून तिला अंदाज आला. एक दिवस डबा खाऊन झाल्यावर ती पोरीजवळ बसली आणि हळूच विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवलीस का?

"सर, ती माझ्याकडे बघतच राहिली," बाई मला सांगत होती. "मग म्हणली, आतु. झालं म्हणून. आणि मग जी सुरू झाली! आज्जीनं काय केलतं, मांजरानं काय खाल्लं, समदं. मला अर्धं कळलंच न्हाई. मी आपली हूं हूं करून राहिले."

मी आनंदानं उठून उभा राहिलो होतो. तिला म्हणालो, "आता ती जे सांगेल त्यातलाच एकेक शब्द इंग्रजीत द्यायचा. पुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवा."

तिनं तसंच केलं. आधी पोरांना त्यांच्या बोलीत बोलू द्यायचं, मग त्यांच्याच गोष्टीचं एक छोटं वाक्य इंग्रजीत फळ्यावर. मी मागच्या बाकावर बसून बघत होतो. मांजराचं दूध पिणं, बकरीनं वही खाणं, मामाच्या जीपचं पंक्चर. वर्ग गलका करत होता आणि त्या गलक्यात अधूनमधून इंग्रजी ऐकू येत होतं. ती गप्प पोरगी फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "कॅट ड्रिंक मिल्क." चुकलेलं वाक्य होतं. एवढी वर्षं शिबिरं घेऊन मी असं वाक्य कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं, कारण ते पोरीनं स्वतः जुळवलं होतं. बाईसुद्धा बदलली. पोरांशी बोलता बोलता तिचंही इंग्रजी सुटं व्हायला लागलं. अडलं की हसून पुन्हा म्हणायची.

हे साधारण दिवाळीपर्यंत चाललं.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. मला पोरीच्या बापाला भेटायचंच होतं. पोरगी बोलायला लागली म्हणून तो खूष असेल, अशी माझी समजूत. तो आला, कपाळाला भस्म, मऊ बोलणारा माणूस. मला नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, रागावू नका. पोरगी घरी सांगती की मॅडम शाळेत कानडी बोलत्यात."

"हो, म्हणून तर ती बोलती झाली," मी म्हणालो.

"ते बराबर हाय. पण घरातली कानडी जावी म्हणूनच तर हिला इथं घातलं. मी दुकानात लातूरच्या लोकांपुढं मराठी बोलताना आजबी अडखळतो. लोक हसत्यात. माझ्या पोरीला कुणी हसू नये. कानडी तिची आज्जी फुकट शिकवते, त्याला शाळा कशाला पाहिजे?"

मी त्याला समजावलं. पाया, घरची भाषा, मग दुसरी भाषा, सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "तुमचं शिक्षण मोठं हाय सर. पण तुमची पोरं कुठल्या शाळेत शिकली?"

माझा मुलगा इंग्रजी शाळेतच शिकला होता. मी तसं सांगितलं. त्यानं फक्त हात जोडले.

तो एकटाच असता तर भागलं असतं. पण त्याच्यामागे आणखी पालक होते. कुणी म्हणालं, दुसरीच्या वर्गातून मराठी ऐकू येते. कुणी म्हणालं, वह्या कोऱ्या आहेत, शेजारच्या शाळेतल्या पोरांचं पुस्तक निम्मं झालं. अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "सर, तुम्ही शास्त्राचं बोलता. मला कळतं. पण पालक मला शास्त्र विचारत नाहीत. पोरगं घरी पाहुण्यांसमोर इंग्रजीत चार वाक्यं बोललं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. ते जमलं नाही तर ते शेजारच्या शाळेत जातील, आणि मग या बायांना मी कुठं ठेवू?"

"ती पोरगी आता बोलते आहे, साहेब."

"बोलू द्या. पण इंग्रजीत."

त्या दिवसापासून दुसरीच्या वर्गाचं दार उघडं ठेवायचं ठरलं, म्हणजे जाता-येता प्राचार्या मॅडमना ऐकू यावं. बाईनं मला विचारलं, "काय करू सर?" तिच्या नवऱ्याचं काम तात्पुरतं होतं, घर तिच्या पगारावर चाललेलं. मी तिला लढा म्हणून सांगू शकलो नाही. म्हणालो, "सध्या ते म्हणतात तसं करा. बघू पुढं."

पुढं बघण्यासारखं काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तरी मी शनिवार चालू ठेवले. बाया यायच्या, पण आता त्यांना वेगळंच हवं होतं. "सर, पालक आले की बोलायची वाक्यं द्या." "सर, स्नेहसंमेलनाचं निवेदन लिहून द्या." मी लिहून द्यायचो. त्या पाठ करायच्या. उच्चार सुधारले, चालणं-उभं राहणं सुधारलं. अध्यक्ष खूष झाले.

फेब्रुवारीत मी शेवटचा दुसरीच्या वर्गात जाऊन बसलो. बाई ताठ उभी होती. "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन." पोरांनी सुरात उत्तर दिलं. तिनं एक वाक्य म्हणावं, पोरांनी ते म्हणावं. एकही चूक नाही. ती पोरगीही सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती. तास संपल्यावर मी तिच्या बाकाशी वाकून, बाईकडून ऐकलेल्या कानडीत विचारलं, जेवलीस का? तिनं आधी उघड्या दाराकडे बघितलं, मग बाईकडे, आणि कंपासपेटी बंद करून उघडत राहिली. बाईनं फळा पुसायला घेतला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आता कुणाचीच तक्रार न्हाई सर."

वर्ष संपलं. शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. अध्यक्ष भाषणात म्हणाले की सरांनी आमच्या शाळेचा कायापालट केला. पुढच्या वर्षी या म्हणून कुणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही.

जूनमध्ये त्या बाईचा फोन आला. शाळेत नव्या बाया भरती झाल्या होत्या आणि त्यांना तयार करायचं काम तिला दिलं होतं. ती ऑफिसमधूनच बोलत असावी, कारण सगळा वेळ इंग्रजीत बोलली. हाऊ आर यू सर, हाऊ इज युवर हेल्थ, वुई मिस युवर गायडन्स. मीही इंग्रजीत उत्तरं दिली. बोलणं नीट झालं, तिला कुठं अडलं नाही. मागून कुणाचातरी आवाज आला तशी ती म्हणाली, "ओके सर, थँक यू सर," आणि फोन ठेवला.

बायको शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, "कुणाचा फोन?"

"त्या शाळेतल्या बाईंचा."

"काय म्हणत होती?"

मी आठवून बघितलं. सांगण्यासारखं ती काहीच बोलली नव्हती. मी बायकोजवळ बसलो आणि शेंगा फोडायला घेतल्या.