मला सोडून सगळ्यांना ठाऊक असलेली जखम

"ही जखम आठवड्याभरातली नाही," डॉक्टर म्हणाले. "महिना तरी झाला असेल. घरी कोणी बघत नव्हतं का?"

मी पालथी पडले होते. बघायचं काम ताईचं. ती उशाशी उभी होती.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, प्रेशर सोअर. एकाच जागी दाब पडून कातडी आणि आतलं मांस मरतं. माझी जखम बसायच्या हाडापर्यंत पोचली होती आणि हाडातही पू झाला होता. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी एकवीस वर्षांची. शाळेत असताना पार्ल्यातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून पडले, मणका मोडला, कमरेखालचं सगळं बधिर झालं. टाचणी टोचली तरी कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी ताई माझी कातडी तपासायची. लाल डाग दिसला की तो जाईपर्यंत खुर्चीत बसायचं नाही, हा नियम.

मग अपंगांना खेळ शिकवणारे सर भेटले आणि मी व्हीलचेअरच्या शर्यतीत उतरले. आमच्याकडे तेव्हा शर्यतीच्या वेगळ्या खुर्च्या कुठल्या! हॉस्पिटलातली असते तशीच जड खुर्ची. तळव्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधायच्या आणि पहाटे मैदानाला फेऱ्या मारायच्या. वेग आला की वाटायचं, पडण्याआधीची मी परत आलेय. राज्य स्पर्धा जिंकले, दिल्लीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली.

"ताई, काही आहे का गं?" मी रोज विचारायचे.

"काही नाही. झकास आहे."

दिल्लीत मी पहिली आले. परतताना थंडी वाजून ताप भरला. आईला वाटलं मलेरिया. चादरीला घाण वास यायला लागला तेव्हा मला अंधेरीच्या या हॉस्पिटलात आणलं.

डॉक्टर गेल्यावर मी ताईला विचारलं, "तुला कधी दिसलं?"

"निवड झाली त्याच आठवड्यात. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, तिला कळलं तर हाय खाईल, दिल्लीहून आल्यावर बघू. मी रोज पावडर लावत होते गं."

दुसऱ्या दिवशी सर मोसंबी घेऊन आले. मी तोंड फिरवलं.

"अगं, जिंकलीस ना?" ते म्हणाले. "मग?"

मला सांगितलं असतं तर कदाचित मी हट्टाने गेलेही असते. पण ते मी ठरवायचं होतं. अंगाचा जो भाग मला जाणवत नाही, तोही माझाच आहे.

सडलेलं हाड खरवडलं. मग फ्लॅप सर्जरी, म्हणजे शेजारचं चांगलं मांस आणि कातडी सरकवून खड्डा बुजवणं. कित्येक आठवडे पालथी होते. ताई चमच्याने भरवायची. मी तोंड उघडायचे, बोलायचे नाही.

"शर्यत आता विसर," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "ही जागा पुन्हा फाटली तर जोडायला काही उरणार नाही." मी उशीत तोंड खुपसून रडले. तरी त्यांची मी ऋणी आहे, कारण माझ्या अंगाबद्दल खरं ते मलाच सांगणारे ते पहिले. घरी सोडताना त्यांनी शिकवलं, कुशीवर वळायचं, आरसा धरायचा आणि आपलं आपण बघायचं.

तुमच्यापैकी कोणी खुर्चीत असेल तर आजच एक आरसा घ्या. माणूस कितीही मायेचं असो, बघायचं काम त्याच्यावर टाकू नका.

ताईला माफ केलंस का, असं लोक विचारतात. तिच्या हातचं मी आवडीने जेवते, तिच्या मुलांचा अभ्यास घेते. पण संध्याकाळ झाली की आरसा घेऊन खोलीत जाते आणि आतून कडी लावते.