मावशीचे मोहलाडू

मावशीला ‘मदत’ हा शब्द चालत नसे. कोणी तो उच्चारला की कपाळावर आठी चढे आणि ती विचारी, “मी मागतली का?”

माझी ही सख्खी मावशी गोंदियाकडच्या सालेकशाची. मोहफुलांचे लाडू करून विकायची. पहिले लाडू तिने कचारगडच्या जत्रेत चादर अंथरून विकले. आलेल्या पैशातून पुढच्या हंगामाची फुलं घेतली. मग काचेची वाळवणी पेटी आली, तीही घराचं गळकं छप्पर तसंच ठेवून. बँकेत गेली नाही, सरकारी योजनेच्या रांगेत उभी राहिली नाही. “जितकं विकलं, तितकंच वाढवू,” म्हणायची. फुलं वेचून आणणाऱ्या बायांना मात्र हातोहात पैसे द्यायची.

नागपूरची नोकरी सुटल्यावर मी तिच्याकडे कामाला आले. तिचा हट्ट मला अडाणीपणा वाटायचा. एकदा नागपूरहून एक साहेब आले. पैसे लावतो म्हणाले. अट एकच, फुलं बायांकडून नाही, व्यापाऱ्याकडून स्वस्तात घ्यायची. मावशी म्हणाली, “मंग ह्या बाया काय करतीन? नाही पायजे मले तुमचे पैसे.”

मी संतापले. साहेबांना स्टेशनवर सोडायला गेले. त्यांनी माझी हुशारी वाखाणली आणि मी फुगले. फुलांचा उग्र वास मावशी कसा घालवते, ते सगळं सांगून टाकलं. ते तिने चार हंगाम फुलं नासवून शोधलं होतं.

पुढच्या वर्षी गोंदियाच्या दुकानात त्यांचे मोहलाडू आले. चव हुबेहूब तीच. मी मावशीपुढे सगळं कबूल केलं. लाडू वळणारा तिचा हात थांबला.

“सांगाचंच होतं, तं मले विचारून सांगतीस,” ती म्हणाली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिने मला हाकललं असतं तर बरं झालं असतं.

यंदा ती तापाने गेली. शोकसभेला साहेब आले. मावशी आपली प्रेरणा होती, असं बायांसमोर बोलले. माझं अंग पेटलं. त्याला तिथेच चोर म्हणायचं होतं. पण चोराला घर कोणी दाखवलं, हेही मग सांगावं लागलं असतं. मी तोंड उघडलं नाही. बायांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. साहेबाचा राग मला येतोच, पण त्या टाळ्या वाजत असताना गप्प राहिलेल्या बाईचा अधिक येतो.